पैजेचं टेबल : सदरमध्ये राहून शिकलेल्या काही गोष्टी

पुण्या-नागपूरहून जबलपुरात आलेली मंडळी भेडाघाट आणि धुवाँधार बघून परतली की त्यांच्यातला एखादा क्रीडाप्रेमी हमखास विचारतो, "स्नूकर म्हणे तुमच्याकडे जन्मला. ती जागा दाखवाल का?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एखादं भव्य जुनं हॉटेल असतं. उंच छत, झुंबरं, हिरव्या कापडाची टेबलं आणि रात्र-रात्र पैसे लावून खेळणारे गोरे साहेब, असं एखादं बंद पडलेलं कॅसिनो.

असं कॅसिनो-हॉटेल मला जबलपुरात दाखवता येत नाही. पण पैसे लावून खेळले जाणारे तीन खेळ इथल्या छावणीत एकत्र आले, त्यातून चौथा खेळ निघाला आणि तो जगभर गेला. ही गोष्ट हॉटेलाच्या गोष्टीहून मोठी आहे असं मला मनापासून वाटतं.

आमचं घर जबलपूर छावणीच्या बाजारपेठेत, सदरच्या एका नंबरी गल्लीत. वडील नागपूर हायकोर्टात नोकरीला होते. १९५६ च्या १ नोव्हेंबरला राज्यं बदलली, मध्य प्रदेशचं हायकोर्ट जबलपुरात बसलं आणि त्याच्याबरोबर आमच्यासारखी कितीतरी मराठी बिऱ्हाडं इकडे आली. मी पुढे शाळेत इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर या खेळाच्या मागे लागले. त्या शोधात आणि पाहुण्यांना गाव दाखवताना जे हाती लागलं ते इथे क्रमाने मांडते आहे. क्रम महत्त्वाचा म्हणून नाही, सोयीचा म्हणून.

१. आधी साल विचारावं, मग भिंत दाखवावी

स्नूकरची जन्मजागा म्हणून बहुतेक जण नर्मदा क्लबकडे बोट करतात. इंग्रजांच्या काळातला हा नेरबुडा क्लब. रिक्षावाल्यापासून पर्यटनाच्या पुस्तिकांपर्यंत सगळीकडे हेच ऐकायला-वाचायला मिळतं. क्लब जुना आहे, देखणा आहे, आणि गावाला त्याचा अभिमान वाटतो तो योग्यच आहे.

पण क्लब स्थापन झाला १८८९ मध्ये आणि खेळ निघाला १८७५ मध्ये. मध्ये चौदा वर्षं आहेत. ज्यांनी हा खेळ काढला त्यांच्या सांगण्यात क्लबचा उल्लेखच नाही. त्यांनी सांगितली ती पलटणीच्या अधिकाऱ्यांची मेस. म्हणजे जागा जबलपूर छावणीतलीच, पण इमारत वेगळी.

पलटणीच्या नावाचंही तसंच. सगळीकडे 'डेव्हनशायर रेजिमेंट' असं छापलेलं असतं. १८७५ मध्ये त्या पलटणीचं नाव होतं अकरावी (नॉर्थ डेव्हनशायर) पायदळ रेजिमेंट. १८८१ च्या लष्करी फेररचनेत ती डेव्हनशायर रेजिमेंट झाली. जुन्या कागदांमध्ये शोधणाऱ्याने नंतरचं नाव धरून ठेवलं तर त्याच्या हाती काही लागत नाही. वर्गात मी मुलांना सांगायची की कोणतीही गोष्ट ऐकली की तिच्यातली सालं काढून एकाखाली एक लिहा. इथेही पहिलं काम तेच केलं, आणि निम्मी गोष्ट तिथेच सरळ झाली.

२. जुगाराच्या जागेचा इतिहास वाचायचा तर कायद्यापासून सुरुवात करावी

हे मला फार उपयोगी पडलं, म्हणून थोडं विस्ताराने सांगते.

सार्वजनिक जुगार कायदा १८६७ चा. हिंदुस्थान सरकारच्या त्या वर्षाचा तिसरा कायदा. तो ज्या मुलखांसाठी केला त्यांची नावं त्याच्या शीर्षकातच आहेत: वायव्य प्रांत, पंजाब, अवध, ब्रिटिश ब्रह्मदेश आणि मध्य प्रांत. मध्य प्रांत म्हणजे आम्ही. राजधानी नागपूर, आणि जबलपूर त्यातलं मोठं ठाणं.

या कायद्याने जुगाराचा अड्डा चालवणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद ठेवली. अड्ड्यावर नुसता सापडला त्याला १०० रुपयांपर्यंत दंड किंवा महिनाभराची कैद. रस्त्यावर पैसे लावून खेळणाऱ्याला आणि पशु-पक्ष्यांच्या झुंजी लावणाऱ्याला ५० रुपयांपर्यंत दंड किंवा महिन्यापर्यंत कैद. त्या काळी महिन्याला पाच-सात रुपयांवर घर चालवणाऱ्याला हे दंड ऐकूनच धडकी भरली असेल.

आता याच कायद्याची दुसरी बाजू. अड्डा कशाला म्हणायचं? जिथे पत्ते, फासे, टेबलं किंवा जुगाराची इतर साधनं जागेच्या मालकाच्या किंवा चालकाच्या फायद्यासाठी ठेवलेली आहेत, त्या जागेला. मेस कुणाच्या नफ्यासाठी चालत नव्हती. ती अधिकाऱ्यांच्या वर्गणीवर चालायची. शिवाय बाराव्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे की केवळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही, तो कुठेही खेळला जावो. त्यामुळे सदर बाजारच्या गल्लीत घोंगडीवर पत्ते टाकून बसलेला माणूस कायद्याच्या कचाट्यात, आणि हाकेच्या अंतरावर मेसमध्ये पैजेवर बॉल मारणारा लेफ्टनंट कायद्याच्या बाहेर. यात कुणी कायदा मोडला असं मी म्हणत नाही. कायदाच तसा होता, आणि तो तसा का होता याचं उत्तर तो कुणी कुणासाठी केला यातच आहे.

युरोपातही तेव्हा असंच काहीसं चाललं होतं. जर्मनीत बाडेन-बाडेन, वीसबाडेनची प्रसिद्ध कॅसिनो १८७२ च्या अखेरीस सरकारने बंद केली. गिऱ्हाईक सगळं माँटे कार्लोकडे वळलं. तिथलं कॅसिनो १८६३ पासून चालू होतं, आणि तिथे मोनॅकोच्या स्वतःच्या नागरिकांना खेळायला बंदी होती. बाहेरच्यांनी यावं, पैसे लावावेत, घरच्यांनी त्यापासून दूर राहावं, अशी ती रीत. सदरच्या लोकांना हे नवीन वाटलं नसतं.

३. खेळ समजून घेतल्याशिवाय त्याचा इतिहास लिहू नये

पुस्तकातले नियम वाचून मला काही उमगत नव्हतं. शेवटी एका ओळखीच्या मुलाने सदरजवळच्या पूल पार्लरमध्ये दुपारच्या रिकाम्या वेळी टेबल मिळवून दिलं आणि आम्ही जुने खेळ एकेक करून मांडून बघितले. पैसे अर्थातच लावले नाहीत. चिंचोके घेतले.

पहिला खेळ 'पिरॅमिड'. पंधरा लाल बॉल त्रिकोणात लावायचे आणि पांढऱ्या बॉलने एकेक पॉकेटमध्ये घालायचा. प्रत्येक बॉलमागे एक गुण आणि ठरलेले पैसे. सरळ, सोपा, दोघांत खेळायचा.

दुसरा 'लाइफ पूल'. हा खरा पैजेचा खेळ. यात चार-सहा-आठ जण खेळू शकतात. प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा बॉल मिळतो आणि प्रत्येकाचे तीन जीव असतात. सुरुवातीला सगळ्यांनी मधल्या रकमेत आपापला वाटा टाकायचा. मग ठरलेल्या क्रमाने आपल्या आधीच्या खेळाडूच्या बॉलवर नेम धरायचा. तो पॉकेटमध्ये गेला की त्याचा एक जीव गेला, आणि त्याने तुम्हाला पैसे द्यायचे. तीन जीव गेले की माणूस बाहेर. सगळ्यांत आधी बाहेर पडलेल्याला एक सवलत होती: पुन्हा पैसे भरून जीव विकत घ्यायचे आणि परत यायचं, पण सर्वांत कमी जीव ज्याच्याकडे उरलेत त्याच्याएवढेच त्याला मिळणार. शेवटी जो उरेल त्याने मधली सगळी रक्कम उचलायची.

हा खेळ चिंचोक्यांनी खेळतानासुद्धा माझी छाती धडधडत होती. कारण तुमच्यामागून येणारा तुमच्याच बॉलवर टपलेला असतो. आपण नेम साधायचा आणि आपला बॉल मात्र त्याला सापडणार नाही अशा जागी नेऊन ठेवायचा, हे दोन्ही एकाच फटक्यात. समोरच्याची वाट अडवून ठेवण्याचा स्नूकरमधला जो गाभा आहे, तो मला इथे पहिल्यांदा दिसला.

तिसरा 'ब्लॅक पूल'. यात लाइफ पूलच्या मांडणीत एक काळा बॉल मध्यभागी ठेवायचा. आपला नेमाचा बॉल घातला की काळ्यावर प्रयत्न करता येतो. तो गेला तर टेबलाभोवतीच्या प्रत्येकाने पैसे मोजायचे.

आता १८७५ चा जबलपूरचा पावसाळा. परेड बंद, शिकार बंद, बाहेर चिखल. मेसमध्ये एकोणीस वर्षांचा नेव्हिल चेंबरलेन नावाचा तरुण अधिकारी. त्याने सुचवलं की पिरॅमिडचे पंधरा लाल बॉल ठेवू, ब्लॅक पूलचा काळा ठेवू, आणि लाइफ पूलसाठी पेटीत जे रंगीत बॉल पडलेले आहेत त्यांतले काही टेबलावर आणू. सुरुवातीला पिवळा, हिरवा, गुलाबी आणि काळा एवढेच घेतले. निळा आणि तपकिरी पुढच्या काही वर्षांत आले. आजच्या टेबलावर एकूण बावीस बॉल असतात, पिवळ्याचे दोन गुण, काळ्याचे सात.

म्हणजे नवं काही विकत आणावं लागलं नाही. सगळं सामान मेसच्या त्या खोलीतच होतं. कोणते बॉल कोणत्या पेटीतून आले हे टेबलावर मांडून पाहिल्यावर ही गोष्ट मला मनापासून पटली. दंतकथेत असा हिशेब सहसा जुळत नाही.

४. टेबल कशाचं होतं तेही बघावं

पूर्ण आकाराचं बिलियर्डचं टेबल बारा फूट लांब, सहा फूट रुंद. वरून दिसतं ते हिरवं लोकरी कापड. त्याच्याखाली पाटीच्या दगडाच्या जाड लाद्या, साधारण पाच, एकीला एक बेमालूम जोडलेल्या. लंडनच्या जॉन थर्स्टनने १८२० च्या दशकात लाकडाऐवजी हा दगड आणला आणि १८४५ च्या सुमारास कडांना व्हल्कनाइज्ड रबर लावलं. त्याआधीच्या रबराच्या कडा थंडीत कडक व्हायच्या, बॉल उसळायचाच नाही. सगळं मिळून वजन एका टनाच्या वर.

एवढं वजन समुद्रावरून आणून जबलपूरला पोचवायचं तर रेल्वे हवी. अलाहाबादकडून ईस्ट इंडियन रेल्वे इथे १८६७ मध्ये पोचली. मुंबईकडून जीआयपी रेल्वे मार्च १८७० मध्ये येऊन तिला मिळाली आणि मुंबई-कलकत्ता मार्ग सलग झाला. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्यासाठी इथे आला होता. दोन्ही बंदरांशी जोडलेली छावणी म्हणून जबलपूरची गणना त्या दिवसापासून बदलली. स्नूकर इथे १८७५ मध्ये निघाला, त्याआधी पाचच वर्षं हे घडलं होतं. हे दोन आकडे मी पाहुण्यांना नेहमी एकत्र सांगते.

बॉल हस्तिदंताचे. चांगला बॉल करायचा तर सुळ्याच्या मधोमध जाणारी बारीक नस बॉलच्या बरोबर केंद्रातून जायला हवी, नाहीतर तो एका बाजूला झुकत धावतो. म्हणून एका सुळ्यातून मोजकेच चांगले बॉल निघत. बावीस बॉलांच्या एका संचामागे किती हत्ती गेले असतील, याचा विचार मनात आला की खेळाचं कौतुक करतानाही जीव चरकतो. हा भार इतका वाढला की पर्याय शोधण्याची धडपड सुरू झाली. जॉन वेस्ली हायट या अमेरिकन माणसाने १८६० च्या दशकाच्या शेवटी सेल्युलॉइडच्या दिशेने जे प्रयोग केले ते बिलियर्डच्या बॉलसाठीच. प्लॅस्टिकच्या उद्योगाची एक मुळी इथून फुटते.

हस्तिदंत ओल ओढून घेतो आणि आकार बदलतो. लोकरी कापड दमट झालं की बॉल जड चालतो. म्हणजे ज्या पावसाळ्याने अधिकाऱ्यांना टेबलाशी आणून बसवलं, त्यातच टेबल सर्वांत वाईट चालत असणार.

५. नाव एक म्हणून माणूस एक नव्हे

स्नूकरवाला चेंबरलेन म्हणजे म्युनिक करार करणारा पंतप्रधान नव्हे. पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन १८६९ मध्ये जन्मला, म्हणजे १८७५ मध्ये तो सहा वर्षांचा होता. हिंदुस्थानच्या लष्करात आणखी एक नेव्हिल चेंबरलेन होऊन गेला, तो फील्ड मार्शल, आधीच्या पिढीतला. आपला चेंबरलेन १८५६ चा. पुढे अफगाण युद्धात तो जखमी झाला, जनरल फ्रेडरिक रॉबर्ट्सच्या हाताखाली राहिला, १९०० मध्ये आयर्लंडच्या पोलीस दलाचा प्रमुख झाला आणि १९१६ च्या ईस्टरच्या उठावानंतर त्याने ते पद सोडलं. १९४४ मध्ये गेला.

६. दावा किती वर्षांनी केला, हे विचारायला संकोच करू नये

चेंबरलेनने स्वतः ही हकिगत छापून आणली ती १९ मार्च १९३८ च्या 'द फील्ड' या साप्ताहिकात. घटनेला त्रेसष्ट वर्षं झाली होती आणि तो ब्याऐंशीचा होता. खेळाचा उगम इंग्लंडमधल्या वूलिच इथल्या लष्करी अकादमीत झाला असं कुणीतरी लिहिलं, म्हणून त्याने हे उत्तर दिलं. पुढच्या वर्षी कादंबरीकार कॉम्प्टन मॅकेन्झीने 'द बिलियर्ड प्लेयर'मध्ये लेख लिहून ही गोष्ट उचलून धरली आणि तेव्हापासून ती सर्वमान्य झाली.

त्रेसष्ट वर्षांनंतरची आठवण पुरावा म्हणून किती धरायची? इतिहासाच्या शिक्षिकेला हा प्रश्न पडायलाच हवा. मी ती मान्य करते, आणि माझी कारणं अशी. चेंबरलेनला यात पैसा किंवा हक्क मिळायचा नव्हता. जे सामान लागलं ते त्या काळच्या मेसमध्ये असायचंच. आणि खेळाचा पुढचा प्रवास त्याच्या नोकरीच्या प्रवासाशी पायरीपायरीने जुळतो. रॉबर्ट्स १८८१ मध्ये मद्रास सैन्याचा सरसेनापती झाला. त्याचा उन्हाळा उटकमंडला, म्हणजे आपल्या उटीला जायचा. चेंबरलेन त्याच्याबरोबर तिथे गेला आणि उटीच्या क्लबमध्ये १८८२ च्या सुमारास स्नूकरचे नियम लिहून बिलियर्ड रूममध्ये लावले गेले. १८८५ मध्ये इंग्लंडचा नामांकित बिलियर्डपटू जॉन रॉबर्ट्स (धाकटा) कलकत्त्याला आला असताना कूचबिहारच्या महाराजांच्या पंगतीला त्याची चेंबरलेनशी गाठ पडली. त्याने नियम विचारून घेतले आणि खेळ विलायतेला गेला.

यातून श्रेयाची वाटणीही नीट होते. खेळ निघाला जबलपुरात, नियम बसले उटीत. उटीवाले जेव्हा खेळ आपला म्हणतात तेव्हा आमच्या गावातली तरुण मुलं चिडतात. मी त्यांना सांगते की दोन्ही खरं आहे, भांडण कशाला? जबलपूरने आपलं तेवढं ठामपणे सांगावं.

७. गुण ज्यांनी मोजले, त्यांच्याशी बोलावं

या सगळ्या हकिगतीत एक माणूस नाही. टेबल झाडणारा, इस्त्री करणारा, बॉल परत मांडणारा, गुण पुकारणारा. त्याला मार्कर म्हणतात आणि आजही मेस-क्लबांमध्ये हाच शब्द आहे. १८७५ च्या त्या पावसाळ्यात टेबलापाशी मार्कर नव्हता असं होणं शक्य नाही. लाइफ पूलमध्ये कुणाचे किती जीव उरले, कुणाकडून कुणाला किती येणं, हा हिशेब खेळणाऱ्याने स्वतः ठेवायचा नसतो. नवे रंग टेबलावर आले तेव्हा कोणत्याचे किती गुण हे अधिकाऱ्यांच्या आधी पाठ झालं असेल तर ते त्या मार्करला. त्याचं नाव कुठल्याही लेखात नाही.

सदरमध्ये एक वृद्ध गृहस्थ राहतात. आयुष्यभर एका मेसमध्ये मार्कर होते, वडीलही मार्करच. मी त्यांना दादा म्हणते, ते मला बहनजी. एकदा त्यांनी मला टेबल कसं तयार करतात ते करून दाखवलं. कापडाला लव असते आणि ती टेबलाच्या खालच्या टोकाकडून काळ्या बॉलच्या टोकाकडे जाते. ब्रश त्याच दिशेने, लांब, सरळ, न थांबता. मागे येताना ब्रश उचलायचा, घासत आणायचा नाही. मग जड इस्त्री. ती आधी जुन्या वर्तमानपत्रावर ठेवून बघायची. कागद तांबूस झाला तर थांबायचं, कापडावर न्यायची नाही. इस्त्रीही एकाच दिशेने, आणि मध्ये कुठे टेकवून ठेवायची नाही. शेवटी त्यांनी तळहात उलटा करून बोटांच्या मागच्या बाजूने कापडावरून फिरवला. म्हणाले, "तळव्याला घाम असतो बहनजी, मागच्या बाजूला कळतं बरोबर."

मी विचारलं, "दादा, तुम्ही स्वतः खेळायचात का?"

"साहेब लोक गेल्यावर," ते म्हणाले. "टेबल चालतं कसं, हे खेळल्याशिवाय कसं सांगणार?"

त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलं होतं की पैजेच्या डावात आकडा पुकारताना आवाज चढता-उतरता ठेवायचा नाही. सगळ्या आकड्यांना एकच सूर. हरणाऱ्याला आपला आवाज टोचता कामा नये. एवढी शिस्त ज्यांनी पिढ्यानपिढ्या पाळली, त्यांच्याकडे लिहून घेण्यासारखं खूप आहे. मी वही घेऊन जाते. इतरांनीही आपापल्या गावच्या मेस-क्लबांतल्या निवृत्त माणसांकडे जावं. ही पिढी आता फार थोडी उरली आहे.

८. भव्य इमारत टिकते असं नाही, आणि कॅसिनो कायद्याने येतं

हॉटेलच बघायचं असेल त्यांना मी मुंबईला काळा घोड्याला पाठवते. वॉटसन्स हॉटेल. लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून आणला आणि १८६७ ते १८६९ मध्ये तिथे उभा केला. ७ जुलै १८९६ ला ल्युमिए बंधूंचं चलच्चित्र हिंदुस्थानात पहिल्यांदा तिथेच दाखवलं गेलं, तिकीट एक रुपया. पुढे हॉटेल बंद पडलं, खोल्यांची कार्यालयं आणि बिऱ्हाडं झाली, नाव एस्प्लनेड मॅन्शन झालं, आणि इमारतीची दैना पाहून २००५ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने तिला जगातल्या धोक्यातल्या वास्तूंमध्ये घातलं. शहराच्या मधोमध, एवढ्या इतिहासाची इमारत, आणि तिची ही गत.

कॅसिनो आणि हॉटेल यांची आपल्याकडे जोडी जमली ती फार उशिरा, गोव्यात. गोव्याचा सार्वजनिक जुगार कायदा १९७६ चा. १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला परवानगी आली, १९९६ मध्ये जहाजांवरच्या खेळाला. महाराष्ट्रानेही १९७६ मध्येच कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. म्हणून महाराष्ट्रात जुनं कॅसिनो-हॉटेल शोधणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. पैजेची भव्य खोली आपल्याकडे होती ती मेसमध्ये आणि क्लबात, बंद दाराआड.

९. खेळ पैजेतून सुटला, ही त्याची मोठी कमाई

१९२७ मध्ये बर्मिंगहॅमला स्नूकरच्या पहिल्या व्यावसायिक जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना झाला. जो डेव्हिस जिंकला, आणि पुढे १९४६ पर्यंत तोच जिंकत राहिला. मेसमधला खेळ लोकांचा झाला.

बिलियर्ड आणि स्नूकर ही सख्खी भावंडं. त्यातल्या बिलियर्डने भारताला कोणत्याही खेळातला पहिला जगज्जेता दिला तो पुण्यात जन्मलेला विल्सन जोन्स. १९५८, कलकत्ता. १९६४ मध्ये त्याने हे पद पुन्हा मिळवलं. १९८४ मध्ये डब्लिनला ओम अगरवाल हौशी स्नूकरचा जगज्जेता झाला. पंकज अडवाणीचा जन्मही पुण्याचाच. त्याने २००३ मध्ये तेच पद जिंकलं आणि पुढे दोन्ही खेळांत मिळून पंचविसाहून अधिक जागतिक विजेतेपदं आपल्या नावावर केली. जबलपूरच्या मेसमध्ये ज्या टेबलाला हिंदी माणसाने फक्त झाडायचं होतं, त्याच टेबलावर हे सगळे जिंकले. ही नावं मी शाळेतल्या मुलांना पाठ करायला लावायची.

१०. पाटीवर काय लिहायचं, ते आत्ताच ठरवावं

सदरमध्ये पेंटीनाक्याच्या बाजूला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा जागी एक पाटी असावी असं मी गेली बरीच वर्षं म्हणते आहे. कोणत्याही इमारतीच्या भिंतीवर नको, कारण ती इमारत नेमकी कोणती याचा वाद पुन्हा सुरू होईल. रस्त्याकडेला, स्वतंत्र. हिंदी, इंग्रजी आणि मराठी, तिन्ही भाषांत. मजकूर मी लिहून ठेवला आहे: १८७५ च्या पावसाळ्यात जबलपूर छावणीतल्या अकराव्या पायदळ रेजिमेंटच्या अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये नेव्हिल फ्रान्सिस फिट्झजेराल्ड चेंबरलेन याने पिरॅमिड, लाइफ पूल आणि ब्लॅक पूल या खेळांतून स्नूकर हा खेळ तयार केला. त्याचे नियम उटीच्या क्लबमध्ये लिहिले गेले. खालची ओळ मार्करांसाठी आहे, आणि ती कुणी गाळायला सांगितली तर मी पाटी लावू देणार नाही: या टेबलांची निगा ज्यांनी राखली आणि गुण ज्यांनी मोजले, ते सदरचे रहिवासी होते.

दादांना मी हा मजकूर वाचून दाखवला. त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली. म्हणाले, मार्कर हा शब्द त्या ओळीत स्पष्ट घाला, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की झाडूवाल्यांबद्दल लिहिलंय. मी तो घातला आहे. पाटीसाठीचा अर्ज आता तिन्ही भाषांतल्या मजकुरासह पुन्हा द्यायचा आहे. सदरमधल्या ज्यांना सही करायची असेल त्यांनी संध्याकाळी कॉफी हाउसमध्ये यावं, कागद माझ्याकडेच असतात.